उच्च जात, तेवढी फुकट गेली

1970 च्या जनगणनेत अमेरिकेनं तिथल्या भारतीयांना चक्क गोऱ्यांत मोजलं. कुठलंही क्रीम न लावता! पण पुढच्या दहा वर्षांत आपल्याच मंडळींनी वॉशिंग्टनला खेटे घालून हा रंग उतरवून घेतला. गोऱ्यांत राहिलं की अल्पसंख्याकांच्या सवलतींवर पाणी सोडावं लागत होतं. 1980 च्या फॉर्मवर ‘एशियन इंडियन’ असा वेगळा चौकोन आला. यासाठी मी त्यांना नावं ठेवणार नाही. नोकरीत डावललं जात होतंच, आणि डावललेल्यांची मोजदाद करायची तर चौकोन लागतो. मजा आहे ती त्याआधीच्या पिढीची. गोरं ठरण्यासाठी तिनं पार सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं.

अमेरिकेचा 1790 चा कायदा सरळ होता: परदेशातून आलेला माणूस गोरा असेल तरच नागरिक होईल. 1870 मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना दार उघडलं, बाकीचे बाहेरच. आपल्या मुंबईचे कापसाचे व्यापारी भिकाजी बालसारा 1910 मध्ये आत शिरले, कारण पारशी गोरेच असं कोर्टानं मान्य केलं. मग इतरांनाही वाटलं, आपलंही जमून जाईल.

भगतसिंग थिंड हे पंजाबी शीख. ऑरेगनच्या लाकूड गिरण्यांत राबले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात पगडीसकट दाखल झाले. 1918 मध्ये नागरिकत्व मिळालं, चार दिवसांत काढून घेतलं. पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरी, आणि सरकारचं अपील.

त्याच सुमारास ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा खटला निकाली निघाला. वीस वर्षं अमेरिकेत राहिलेला, घरात इंग्रजी बोलणारा माणूस. नोव्हेंबर 1922 मध्ये कोर्ट म्हणालं, कातडी उजळ असेना का, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तुम्ही ते नाही. थिंड यांच्या वकिलांना वाटलं, झालं काम! तेव्हाची वंशशास्त्राची पुस्तकं उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणत होती.

पुस्तकांवर थांबले असते तरी चाललं असतं. पण युक्तिवाद पुढे गेला: अशील उच्चवर्णीय आर्य आहेत, आमच्याकडे जात पाळतात म्हणून रक्त शुद्ध राहिलं, आणि लग्नाच्या बाबतीत उच्चवर्णीय माणूस हिंदुस्थानातल्या आदिवासींकडे तसंच पाहतो जसं अमेरिकन माणूस काळ्यांकडे पाहतो. म्हणजे, आम्हालाही आमचे काळे आहेत, साहेब. आता तरी आपल्यात घ्या! ज्या पंथाच्या गुरूंनी जातीला लाथाडलं, त्या पंथाच्या माणसासाठी हा दाखला कोर्टात पेश झाला. जातपात ही गुणवत्ता म्हणून जोडलेली मी पाहिलेली ही एकमेव फाइल.

फेब्रुवारी 1923 मध्ये निकाल आला. ओझावांना शास्त्र सांगणारे तेच न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड आता म्हणाले, शास्त्र राहू द्या. सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा, आणि तो तुम्हाला तसं समजत नाही. मधे तीन महिने गेले होते, फक्त तीन. स्वतः सदरलँड जन्मले होते इंग्लंडात. लहानपणी आईबापांबरोबर बोटीनं आले. त्यांना वंशाचा दाखला कुणी मागितला नाही.

मग आधी दिलेली नागरिकत्वंही सरकारनं परत घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई बायको-मुलांसह आले होते, अमेरिकन झाले होते. नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली, मायदेशी जाऊन यायला अमेरिकन पासपोर्टही मिळेना. ब्रिटिशांचा घ्या म्हणाले, ज्यांच्या राज्याला कंटाळून ते निघाले होते. 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. इथे मला विनोद सुचत नाही.

आता एच-वनबीवाल्या आपल्या बंधूंकडे वळू. गणपतीच्या मांडवात मोदक खाता खाता ‘आम्ही रांगेतून आलो, ते कुंपण ओलांडून आले’ हे व्याख्यान ज्यांनी दिलं नाही त्यांनी हात वर करावा. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी जन्मानं मिळणारं नागरिकत्व रोखणारा आदेश काढला. कुंपणवाल्यांची मुलं त्यात होतीच, पण तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्यांची मुलंही त्याच कागदावर होती. आदेश लगेच कोर्टात अडकला, तो भाग वेगळा. पण ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ या वाक्याचा उपयोग किती, हे साहेबानं एका सहीत दाखवलं. दुसऱ्याला खाली दाबून वर चढायची शिडी साहेबाच्या अंगणात असते, आणि ती कधी काढून घ्यायची हे तोच ठरवतो.

थिंड यांना नागरिकत्व मिळालं, पण 1936 मध्ये. महायुद्धात लष्करी सेवा केलेल्यांना वंश न पाहता नागरिक करून घेणारा कायदा आदल्या वर्षी झाला होता, त्याखाली. बाकीच्या भारतीयांना 1946 पर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही नव्यानं येणाऱ्यांसाठी वर्षाला जागा ठेवल्या शंभर. थिंड यांच्या कामी आला तो शिपाईगिरीचा कागद. उच्च जात, तेवढी फुकट गेली.