करकर : सुधारित आवृत्ती

रॉकचा अल्बम पन्नाशीला आला की त्याचा आवाज सुधारतो आणि त्याचा चाहता पन्नाशीला आला की त्याचे कान उतरतात. रिमास्टरच्या धंद्याचं सगळं अर्थशास्त्र या दोन घटनांच्या मधल्या फटीत बसलेलं आहे. विशीत कान शाबूत होते, तेव्हा खिशात पैसे नव्हते. म्हणून मित्राच्या मित्राने कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून दिलेल्या प्रतीवर आमचं भागायचं. आता भविष्यनिर्वाह निधीचा आकडा बरा दिसू लागला, तर कानांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. नेमकी हीच वेळ साधून कंपन्या कानात सांगतात, ‘अहो, हा अल्बम तुम्ही आजवर ऐकलाच नव्हता!’

बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ घ्या. 1967 सालच्या या अल्बमच्या अगदी शेवटी साधारण 15 हजार हर्ट्‌झची एक बारीक शिट्टी आहे. ती तिथे घालायची कल्पना जॉन लेननची, आणि ती माणसांसाठी नव्हती, कुत्र्यांसाठी होती. नवी आवृत्ती आणल्यावर मी दारं-खिडक्या लावून, डोळे मिटून त्या शिट्टीची वाट पाहत बसलो. काही नाही. नुसती शांतता. तेवढ्यात आतल्या खोलीतून कन्या ओरडली, “बाबा, ते कीं कीं काय वाजतंय? बंद करा ना!” पाठोपाठ खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. म्हणजे लेननने ज्याच्यासाठी शिट्टी वाजवली होती, त्याच्यापर्यंत ती व्यवस्थित पोचली. पैसे तेवढे मी भरले होते.

असं असूनही आमच्या मंडळींना 24 बिट, 192 किलोहर्ट्‌झच्या फाइलींचं वेड आहे. साध्या सीडीत माणसाच्या कानाला झेपेल एवढं सगळं मावतं, 20 हजार हर्ट्‌झच्याही थोडं वर. 192च्या फाइलीत 96 हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज साठवता येतात. ते ऐकू शकणारे श्रोते आमच्या सोसायटीत आहेत, पण ते मागच्या झाडाला उलटे टांगून घेतात आणि संध्याकाळ झाली की बाहेर पडतात. त्यांची रॉकविषयीची मतं अजून कळलेली नाहीत.

रिमास्टर म्हणजे नक्की काय करतात, असं सौ.ने एकदा विचारलं. बिल हातात असताना विचारलं, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. स्टुडिओत गाणं निरनिराळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित होतं. एकावर ढोल, एकावर गिटार, एकावर गळा. ते सगळं एकत्र करायचं म्हणजे मिक्स. झालेल्या मिक्सवर शेवटचा हात फिरवून ते तबकडीजोगं करायचं म्हणजे मास्टरिंग. पुढे तोच मिक्स नव्या यंत्रांतून काढून पुन्हा हात फिरवला की तो रिमास्टर. आणि थेट मूळ ट्रॅकपर्यंत जाऊन मांडणीच बदलली तर रिमिक्स. “म्हणजे गाणं तेच?” तिने विचारलं. “गाणं तेच,” मी म्हणालो. “आणि किंमत नवी,” असं म्हणून तिने बिल फायलीला लावलं.

रिमिक्सची गरज काही वेळा खरीच असते, हे मात्र मानायला हवं. ‘सार्जंट पेपर’ मूळ चार ट्रॅकच्या यंत्रावर झाला. बीटल्स स्वतः बसले ते मोनो मिक्सला. स्टिरिओचं काम मागाहून, त्यांच्या गैरहजेरीत उरकलं गेलं. त्या काळच्या स्टिरिओत तर गळा एका कानात आणि बाजा दुसऱ्या कानात, अशी सरळ वाटणी असायची. 1965चा ‘रबर सोल’ असाच आहे. आमच्या वॉकमनच्या इयरफोनची उजवी बाजू कायमची गेलेली होती. त्यामुळे बीटल्स हे उत्तम वादक आहेत, पण गाताना फार लाजतात, असं माझं बरेच महिने मत होतं.

पुढे पीटर जॅक्सनच्या चमूने ‘गेट बॅक’ या माहितीपटासाठी एकाच ट्रॅकवर एकजीव झालेले आवाज संगणकाकडून सुटे करून घेण्याची युक्ती काढली. त्याच युक्तीने 2022 साली ‘रिव्हॉल्व्हर’चा नवा मिक्स झाला आणि 2023 साली लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटमधून पियानो बाजूला सारून त्याचा गळा वर काढता आला. घरातल्या टीव्हीचा, मिक्सरचा आणि बायकोचा आवाज असा सुटा करून तिघांना एकेक करून ऐकता आलं, तर संसारही रिमिक्स करता येईल.

पण आता मुख्य मुद्दा. आवाज स्वच्छ झाला की सगळ्यांत आधी काय स्वच्छ होतं? संगीत नव्हे. करकर.

लेड झेपलिनच्या तिसऱ्या अल्बममध्ये, 1970 साली, जॉन बॉनमच्या ढोलाच्या पेडलला तेल घालायचं राहिलं. ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ हे अवघ्या ब्लूजचं काळीज पिळवटणारं गाणं, आणि त्यात रॉबर्ट प्लांट विरहाने कळवळत असताना खालून पेडल ‘चुंई, चुंई’ करत साथ देतं. कॅसेटवर ते ऐकूच यायचं नाही. जिमी पेजने 1990 साली आणि पुन्हा 2014च्या सुमारास बँडचे अल्बम नव्याने बाहेर काढले, आणि प्रत्येक खेपेस चुंई अधिक तेजस्वी झाली. ‘अ डे इन द लाइफ’च्या शेवटी पियानोचा तो प्रचंड स्वर विरत जातो, तो शेवटपर्यंत पकडावा म्हणून ध्वनिमुद्रकाने आवाजाची पातळी इतकी वर नेली, की स्टुडिओतली एक खुर्ची करकरते तीही अजरामर झाली. जगातल्या एवढ्या खुर्च्या करकरतात, पण रिमास्टर हिचाच झाला.

मी हे सौ.ला मोठ्या उत्साहाने ऐकवलं. तिने शांतपणे वर बोट दाखवलं. “आपला पंखा किती वर्षं करकरतोय. फुकट.”

तिला कसं सांगू, की आम्हां चाहत्यांना हवी असते ती करकरच! संगीत तर पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी गिटारचा तुकडा तोंडाने वाजवून दाखवू. पण त्या खोलीत खरोखरच माणसं बसली होती, कुणी खुर्चीत चुळबुळ केली होती, कुणाच्या पायाखालचं पेडल गंजलं होतं, हे कळलं की देव एकदम आळीतले होतात.

काहींना वाटलं, स्वच्छ म्हणजे मोठं. इगी पॉपने 1997 साली स्वतःच्याच ‘रॉ पॉवर’चा नवा मिक्स केला. 1973 सालचा डेव्हिड बोवीचा मिक्स त्याला फार मिळमिळीत वाटत असावा, कारण नव्यात हळू असं काही ठेवलंच नाही. मेटॅलिकाचा 2008चा ‘डेथ मॅग्नेटिक’ सीडीवर इतका दाबून भरला होता, की चाहत्यांनी नव्या मिक्ससाठी सह्यांची मोहीम काढली. व्हिडिओ गेममध्ये त्याच गाण्यांची कमी दाबलेली प्रत मिळते, असा शोध त्यांना लागला होता. आवाज मोठा आहे म्हणून मेटॅलिकाच्या चाहत्यांनी तक्रार करावी, हे मला मिसळीचा रस्सा तिखट लागतो म्हणून कोल्हापूरकराने तो परत पाठवण्याइतकं थोर वाटतं.

खरी गंमत दुरुस्त्यांची. डोअर्सचा पहिला अल्बम 1967चा. तब्बल चाळीस वर्षं तो किंचित संथ गतीने वाजत होता, हे नवी आवृत्ती काढताना मान्य केलं गेलं. छापील स्वरलिपीशी आणि मूळ सिंगल तबकडीशी सूर जुळत नाहीत, हे एका प्राध्यापकाने निदर्शनास आणून दिलं होतं. एक्सटीसी या ब्रिटिश बँडची कथा याहून बहारीची. 1986चा त्यांचा ‘स्कायलार्किंग’ काहीसा पातळ, निर्जीव वाजतो, अशी खुद्द बँडचीच कुरकुर होती. 2010 साली एका मास्टरिंग अभियंत्याने शोधून काढलं, की कुठेतरी जोडणीच उलटी झाली आहे. स्पीकरचा पडदा जिथे बाहेर यायला हवा तिथे आत जात होता. मग ‘सुधारित पोलॅरिटी’ची आवृत्ती निघाली. आमच्याकडे वायरमन वायर उलटी जोडून गेला तर त्याला परत बोलावून चार शब्द सुनावतात. त्यांच्याकडे विशेष आवृत्ती काढतात.

आणि आमची जमात अशी, की दुरुस्त डोअर्स ऐकून एक मित्र गंभीरपणे म्हणाला, “संथच बरा होता रे. त्यात एक ठहराव होता.”

या जमातीची परीक्षा 2022 साली झाली. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी मूळ टेपवरून महागड्या तबकड्या काढते. टेपपासून तबकडीपर्यंत डिजिटलचा विटाळ नाही, अशी भक्तांची श्रद्धा. मग उघड झालं, की त्यातल्या पुष्कळ तबकड्यांसाठी टेप आधी डिजिटल करून घेतली होती, तीही कित्येक वर्षं. ज्यांना डिजिटलचा वास दुसऱ्या खोलीतून येतो, तेच लोक एवढी वर्षं या तबकड्यांना ‘अस्सल अ‍ॅनालॉग ऊब’ आहे म्हणून गुण देत आले होते. प्रकरण थेट कोर्टात गेलं. ऊब मात्र अजून तशीच आहे, असं म्हणतात.

शिवाय पेटी असते. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची 2011ची भलीमोठी पेटी निघाली, तिच्यात तबकड्यांबरोबर मफलर, पेल्याखाली ठेवायच्या चकत्या आणि काचेच्या गोट्या होत्या. ठाण्यात मे महिन्यात रॉकचा मफलर गुंडाळून, हातात गोट्या खुळखुळवत बसलेला मध्यमवयीन गृहस्थ दिसला, तर दया दाखवा. त्याची पन्नाशी झाली आहे.

आता हरवून सापडलेल्या अल्बमांकडे वळतो, कारण तिथे मला थट्टा सुचत नाही. फारशी.

सत्तरच्या दशकापासूनच्या कित्येक टेपांचा चिकटा हवेतला ओलावा शोषून घेतो. तशीच वाजवली तर टेपचा थर सुटून यंत्रावर बसतो आणि गाणं कायमचं जातं. म्हणून ती 50 ते 55 अंशांच्या मंद आचेवर कित्येक तास भाजतात, मग ती थोडे दिवस वाजण्याजोगी होते आणि तेवढ्यात तिची नक्कल उतरवून घेतात. आता सापडलेल्यांपैकी दोघांची गोष्ट. डेट्रॉइटच्या तीन कृष्णवर्णीय भावांचा ‘डेथ’ नावाचा बँड होता. हे नाव बदला, असा आग्रह झाला. थोरल्या डेव्हिडने ऐकलं नाही. 1975चं त्यांचं ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून बाहेर आलं 2009 साली, डेव्हिड गेल्यानंतर. त्याच डेट्रॉइटच्या रॉड्रिग्जचा ‘कोल्ड फॅक्ट’ 1970 साली अमेरिकेत सपशेल पडला. तो बापडा पाडकामाच्या मजुरीला लागला. इकडे दक्षिण आफ्रिकेत घरोघरी त्याची गाणी वाजत होती, आणि त्याने रंगमंचावरच जीव दिला अशी तिथल्या चाहत्यांची पक्की समजूत होती. नव्वदच्या दशकात तो धडधाकट सापडला, तिथे जाऊन त्याने हजारोंपुढे गायलं, आणि त्याच्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या चाहत्यांनी रिमास्टरची वाट पाहिली नव्हती. जी तबकडी मिळाली ती झिजवली.

या सगळ्यात आपली मुंबईही आहे. जानेवारी 1968मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’ ध्वनिमुद्रित करायला आला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया त्या सत्रांत वाजवत होते. हॅरिसनने पुढे सांगितलंय, की संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांचा दणदणाट आत येई आणि काम थांबवावं लागे. म्हणजे एका बीटलला थांबवून धरण्याचा पराक्रम आपल्या कारकुनांनी केला आणि त्यांना पत्ताही नव्हता. त्यांचं लक्ष पाच-बावन्नच्या लोकलकडे. 2014च्या रिमास्टरमध्ये मी ती पावलं फार शोधली. नाहीत. थांबायला नको होतं.

1972 साली लेड झेपलिनचे पेज आणि प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली, कुलाब्याच्या एका नाइट क्लबात वाजवलंही. ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं. त्याच सुमारास सिमला सिगारेटच्या नावाने देशभरातल्या बँडांच्या स्पर्धा होत होत्या. त्यांच्या 1970 आणि 1971च्या तबकड्या आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात. मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चा एकमेव अल्बम इथे कुणी विचारला नाही, तो लॉस एंजेलिसच्या कंपनीने पुन्हा काढला. आणि आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव नंदू भेंडे, इंग्रजीत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’चा ज्यूडास आणि मराठीत पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मधला गायक नट, रॉकचा गळा मराठी रंगभूमीवर आणणारा माणूस. त्यांची आठवण निघाली की लोक हळहळतात आणि पुन्हा ‘डार्क साइड’च्या गोट्या मोजायला लागतात.

तेव्हा माझं मत असं. लंडनच्या खुर्चीची करकर ऐकून झाली. ती आता आणखी स्पष्ट व्हायची राहिलेली नाही. आपल्याच माळ्यावर, काकांच्या कॉलेजातल्या बँडची, गॅदरिंगची, एखाद्या नाटकाच्या तालमीची स्पूल किंवा कॅसेट पडलेली असेल. ती भंगारवाल्याला देऊ नका. कोरड्या जागी ठेवा, तिच्यावर कोण, कुठे, कधी ते लिहा, आणि जाणकाराकडून उतरवून घ्या. फक्त उत्साहाच्या भरात घरच्या ओव्हनमध्ये घालू नका. जुन्या अ‍ॅसिटेटच्या टेपा भाजल्या तर खराब होतात, आणि सौ. काय म्हणेल ते वेगळंच.