सुभेदारसाहेब सिव्हिलमध्ये

फौजेतून निवृत्त झालेला माणूस ओळखायला गणवेश लागत नाही. लग्नाच्या पंगतीतून तो सगळ्यात आधी जेवून उठतो, ताटात शीत राहत नाही. एसटीत सामान वर टाकत नाही, पायांशी धरून बसतो. त्याच्या बुटांत वाकून बघितलं तर आपला भांग दिसतो, आणि तो वाकडा आहे हेही तोच सांगतो. नात्यात, सोसायटीत, पतसंस्थेत असा एक तरी असतोच. आमच्या भोसरीच्या कारखान्यात आहेत ते सुभेदारसाहेब.

त्यांना नाव आहे. पगारपत्रकावर दर महिन्याला ते मीच चढवतो, पण मालकांपासून चहाच्या पोऱ्यापर्यंत कुणी ते घेत नाही. गाव साताऱ्याकडचं. सातारा जिल्ह्यात अपशिंगे म्हणून गाव आहे, लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. त्या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. साहेबांचं गाव ते नव्हे, पण "अपशिंग्याच्या पल्याड" हे ते असं सांगतात की त्या ४६ मध्ये निम्मे त्यांच्या भावकीतले असावेत. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, २८ वर्षं काढली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी घरी आले. जवान तर चाळिशीच्या आतबाहेरच परत येतो. आपल्याकडे त्या वयात माणसाला पहिलं प्रमोशन धड मिळालेलं नसतं.

मुलाखतीला ते आले तेव्हा एचआरच्या मुलीनं छापील प्रश्न काढले.

"सर, तुमची स्ट्रेंग्थ काय?"

"एकशेवीस, मॅडम. दहा छुट्टीवर, चार कोर्सला."

"नाही, म्हणजे... बरं, वीकनेस?"

"कोई नही. मेडिकल कॅटेगरी शेप वन."

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"जिथं पोस्टिंग द्याल तिथं."

तिनं तिन्ही रकान्यांत प्रश्नचिन्ह काढलं. मालकांनी मात्र उभ्या उभ्या घेतलं, आणि बसवलं कुठं, तर गेटवर! फौजी म्हटला की गेट, हे आपल्याकडे पत्रिकेत लिहिल्यासारखं. हवालदार असताना हा माणूस कंपनीचा क्वार्टरमास्टर होता. शंभरावर माणसांचं रेशन, कपडे, रॉकेल, काडेपेटीसुद्धा त्याच्या सहीनं बाहेर पडायची, आणि बर्फात अडकलेल्या चौकीवर कांदे संपले म्हणून कुणाला फोन करता येत नाही. अशा माणसाच्या हातात आम्ही शिट्टी दिली.

शिट्टीची त्यांना तक्रार नव्हती. पोस्टिंग म्हणजे पोस्टिंग. त्यांनी गेटाजवळचे दगड चुन्यानं रंगवले, झाडांच्या बुंध्यांना गेरू लावला, वर चुन्याचे पट्टे ओढले. पडीक लोखंडी पिंप रंगवलं. जे हलतं त्याला सॅल्यूट आणि जे हलत नाही त्याला चुना, एवढं धोरण. क्वालिटीचे एक गृहस्थ दुपारी खुर्चीत फार वेळ स्थिर असतात, त्यांना आम्ही सावध करून ठेवलं.

मग भंगाराचा टेम्पो आला. आमच्याकडे पत्र्याचं प्रेसकाम चालतं, त्यामुळे कात्रण भरपूर. टेम्पो रिकामा तोलायचा, भरून तोलायचा, वजाबाकी करून पैसे घ्यायचे, असं वर्षानुवर्षं चाललेलं. माझ्या वहीत आकडे चोख बसत होते. साहेब तिसऱ्या खेपेला वजनकाट्यावरून उठून टेम्पोच्या मागच्या बाजूला गेले आणि परत येऊन मला म्हणाले, "ह्ये पाण्याचं पिंप आत येताना भरल्यालं असतंय, जाताना रिकामं. पोरं काय एवढं पाणी पित्यात व्हय?" दोनशे लिटरचं पिंप. म्हणजे रिकाम्या टेम्पोचं वजन दोनशे किलोनं जास्त, आणि दर खेपेला तेवढं भंगार फुकट. भंगारवाला हसला, मग रागावला, मग "गरिबाच्या पोटावर पाय" वगैरे म्हणाला. साहेबांनी आवाज चढवला नाही. पिंप उपडं करून पुन्हा काट्यावर यायला सांगितलं आणि वहीत वेळ लिहिली: १४२०. त्यांच्या घड्याळात दुपारचे दोन वीस नसतात.

आठवड्यात मालकांनी त्यांना गेटवरून काढून स्टोअरमध्ये नेलं.

स्टोअरची पूर्वीची पद्धत अशी: पाना हवा असेल तर आत जायचं, घ्यायचा, आणि तो कुठं गेला हे पुढच्या दिवाळीच्या सफाईत कळायचं. आता भिंतीवर फळी आहे, फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगात काढलेली. पाना जागेवर नसला की तिथं त्याची काळी सावली दिसते, आणि सावलीखाली चिठ्ठी: कुणी नेला, कितीला नेला. सही केल्याशिवाय काही मिळत नाही. मालकांनी एकदा मेजर टेप मागितला तर वही त्यांच्यापुढेही आली. "कोतातून रायफल काढायची तर आमच्या सीओसाहेबांची पण सही लागायची," असं सांगून साहेबांनी पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. मालकांनी सही केली. ड्रिल बिटांच्या खरेदीचा आकडा त्यानंतर इतका उतरला की विक्रेत्यानं मला फोन करून विचारलं, "काम बंद पडलं का हो तुमचं?"

सकाळी हजेरी होते, ती त्यांच्या भाषेत 'गिनती'. "कुल नफरी त्रेचाळीस, हजर एकोणचाळीस, छुट्टी दोन, सिक एक, गैरहाजर एक." हे ऐकून लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडचं पाणी पळालं, कारण त्याच्या मस्टरवर रोज त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हजर असायचे.

आता त्रासाचंही सांगतो, नाहीतर हे अभिनंदनपत्र होईल. "करतो" हे आपलं लाडकं क्रियापद त्यांना चालत नाही. "करतो" म्हटलं की ते "किती वाजता?" विचारतात आणि त्या वेळेला समोर येऊन उभे राहतात. पहाटे पाचला व्हॉट्सॲपवर तिरंग्यासह 'जय हिंद' पडतो, आणि तो वाचल्याच्या निळ्या खुणा कुणाकुणाच्या आल्या, हे त्यांना तोंडपाठ असतं. सूचना संपली की "कोई शक?" विचारतात. शंका असते, पण आजवर कुणी काढलेली नाही. मीटिंगमध्ये उलट हाल. चोवीस वर्षांच्या इंजिनिअरलाही 'साहेब' म्हणून उभे राहणार आणि विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाहीत. बैठक उठल्यावर दारात हळूच म्हणणार, "साहेब, इजाजत असंल तर एक बोलू? त्यो रॅक पडणार हाय." रॅक पडतोच.

सहलीची गोष्ट तर आमच्या बायका अजून काढतात. मालक म्हणाले होते, महाबळेश्वरची बस सातला सुटेल. साहेबांनी सुपरवायझरांना पावणेसात सांगितले. फौजेत वरचा माणूस जी वेळ देतो त्यात खालचा प्रत्येक जण थोडी थोडी कापत जातो, हा शिरस्ता. आमचे सुपरवायझरही तोवर तयार झालेले, त्यांनी सव्वासहा केले. लाइनलीडरांनी साडेपाच. भोसरीच्या चौकात काळोखात मफलर गुंडाळलेली बायकापोरं रांगेनं उभी, आणि साहेब टॉर्च घेऊन नफरी मोजताहेत. मालक आठला दहा कमी असताना आले. त्यांना कुणी काही बोललं नाही, पण चाळीस कुटुंबं ज्या नजरेनं बघत होती, ती त्यांनी लक्षात ठेवली असावी. हल्ली वेळेवर येतात.

पहिल्या तारखेच्या सुमारास साहेबांचे नातेवाईक वाढतात. कँटीन कार्डाचा महिमा. कुणाला कुकर हवा, कुणाला मिक्सर, आणि बऱ्याच जणांना जे हवं असतं त्याचं नाव न घेता ते नुसतं "कोटा शिल्लक आहे का?" असं विचारतात. साहेब सगळ्यांना एकच उत्तर देतात: सामान माझ्या घरासाठी आहे, दुसऱ्याला दिलं तर गुन्हा होतो. लोक नाराज होतात. मीही एक महिना होतो.

कारगिल वगैरे तरुण पोरं खोदून विचारतात. त्यांना गोळ्या हव्या असतात. साहेब सांगतात डाळीचं. उंचावर पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही, म्हणून कुकर बिघडला तर ती चौकी अर्धी हरली. खेचर कुठल्या वळणावर अडतं आणि त्याला ढकलायचं का नाही, हे ते वीस मिनिटं सांगू शकतात. "आणि फायरिंग, साहेब?" असं पोरांनी विचारलं की "व्हती की," म्हणतात आणि बिन कार्ड उघडतात.

घरी काय अवस्था असेल ते वहिनींनी हळदीकुंकवाला सांगितलं. नवरा निवृत्त होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन झालं. डबे उंचीप्रमाणे लागले. गॅसजवळ वाळूची बादली आली. वहिनी म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं पोरं, शेत, सासू-सासरे मी एकटीनं बघितलं. घराची सुभेदार मी व्हते. ह्ये आलं आन् मला डायरेक्ट शिपाई केलं." मग मालकांच्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना रविवारी पण बोलवा की."

पण मला सगळ्यात ठळक आठवतो तो प्रेस शॉपमधला बुधवार. प्रेसला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी दाबली तरच डाय खाली येते. मतलब असा की डाय येताना हात बाहेर असतात. पोरं काय करतात, एका बटणात वॉशर ठोकून वर चिकटपट्टी मारतात. एक हात मोकळा, नग जास्त, इन्सेंटिव्ह जास्त. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात बोट गेलेला माणूस शोधावा लागत नाही, त्याचं निम्मं कारण ही चिकटपट्टी. प्रॉडक्शनला माहीत असतं आणि नसतंही.

साहेब ग्लोव्हज वाटायला गेले होते. पट्टी दिसली. त्यांनी मेन स्विच खाली ओढला आणि फ्यूज काढून खिशात टाकला. प्रॉडक्शन मॅनेजर धावत आले. "साहेब, पाच वाजता गाडी निघायचीय, काय करताय?" एरवी इजाजत मागणारा हा माणूस सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "सकाळच्या गिनतीत ह्या पोराची बोटं धा व्हती. संध्याकाळला धाच परत जातील. कोई शक?" मॅनेजरांना शंका होती. त्यांनी मालकांना फोन लावला. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "इलेक्ट्रिशियनला पाठवतो." दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय मशीन चालूच होणार नाही अशी वायरिंग सगळ्या प्रेसना झाली. गाडी रात्री नऊला गेली. गिऱ्हाइकानं उशिराबद्दल दंड कापला, त्याची नोंद मीच केली. माझ्या वहीतला तेवढाच एक दंड मला कधी टोचला नाही.

त्याच प्रेसवर एक उशीरलतीफ पोरगा होता. साहेब त्याला शिक्षा म्हणून शेडभोवती पळवायचे. कामगार कायद्यात हे बसत नाही, मी सांगूनही पाहिलं. पोराला मात्र गोडी लागली. मग तो वेळेवर येऊनही पळू लागला आणि साहेब शिट्टी घेऊन मोजू लागले, १६०० मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत. तो अग्निवीर झाला. २०२२ पासूनच्या त्या योजनेत चार वर्षांची नोकरी, आणि तुकडीतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम. म्हणजे चारातले तीन, पंचविशीच्या आतबाहेर, परत गावी. आधीच दरवर्षी तिन्ही दलांतून साठ हजारांच्या आसपास माणसं निवृत्त होतात, त्यात आता ही पोरं. सरकारी नोकरीत आपल्या राज्यात क आणि ड वर्गाच्या १५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी आहेत, पण सरकारी जागा निघणार किती आणि पुरणार किती?

तेव्हा कारखानदार मंडळी, शोधायला लांब जायला नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथं नावं नोंदलेली असतात. बायोडाटा कळणार नाही, तो वाचून दाखवायला सांगा: किती माणसं होती, कुठलं सामान होतं, किती गाड्या होत्या. मग गेट सोडून दुसरं काम द्या. आणि पगाराचं बोलताना "तुम्हाला पेन्शन आहेच की" म्हणून आकडा खाली आणू नका. आमच्याकडे तसंच झालं होतं. भंगाराच्या तिसऱ्या खेपेनंतर मालकांनी ते दुरुस्त केलं. पेन्शन त्यांच्या आधीच्या नोकरीची आहे. तुमच्या कामाचे पैसे तुम्ही द्यायचे.