सिलेक्टराव

आमच्या ऑफिसात वाढदिवसाचा केक सकाळी साडेअकराच्या आत कापत नाहीत. ही सिलेक्टरावांची कृपा. ते ज्यावर काम करतात त्या सेल्सफोर्सच्या मार्केटिंग क्लाउडचं, म्हणजे मेल पाठवायच्या यंत्रणेचं, घड्याळ अमेरिकेच्या सेंट्रल स्टँडर्ड टाइमवर चालतं. आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, उन्हाळा असो की हिवाळा. त्याआधी कुणी शुभेच्छा दिल्याच, तर ‘सर्व्हरवर अजून कालच आहे’ म्हणून ते परत करतात.

त्यांचं काम कुणाला मेल जावा हे ठरवायचं; खरं तर कुणाला जाऊ नये हे ठरवायचं, आणि जीव त्यातच रमतो. मार्केटिंगची मुलगी ‘सर, दिवाळीची ऑफर सगळ्यांना जाऊ दे’ म्हणाली की त्यांचा चेहरा आंबट होतो. सगळे म्हणजे कोण? गेल्या नव्वद दिवसांत क्लिक केलेले? परवाच खरेदी केलेले, त्यांना कशाला सूट? मार्केटिंग क्लाउडमध्ये यादी काढायच्या क्वेरीत फक्त सिलेक्ट चालतं, डिलीट चालत नाही, हे ते अभिमानाने सांगतात. ‘आपण कुणाला पुसत नाही. फक्त निवडत नाही.’ 2021मध्ये ॲपलने माणसाने मेल उघडण्याआधीच त्यातली चित्रं उतरवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ‘उघडला’ या नोंदीवर त्यांचा भरवसा नाही. वहिनी ‘मेसेज बघितला तुमचा’ म्हणाल्या तरी विचारतात, ‘लिंक दाबलीस का?’

तर अशा माणसाकडे पुतणीच्या लग्नाच्या आमंत्रणांची यादी आली.

एकाच घरी दोनदा पत्रिका जाऊ नये म्हणून त्यांनी मोबाइल नंबरवर डिस्टिंक्ट लावलं. सांगलीच्या घरात माणसं अकरा, नंबर सगळ्यांचा एकच, थोरल्या काकांचा. अकराचा एक झाला. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेलं असल्याने तिथे निभावलं. पण केटररला ताटंही त्याच हिशेबाने कळवली होती. मग उरलेल्यांची यादी काढायला ‘नॉट इन’ लिहिलं. पत्रिका गेलेल्यांच्या तक्त्यात एक रकाना कोरा राहिला होता. कोऱ्याशी कोण जुळतं आणि कोण नाही, याचा निवाडा एसक्यूएल करत नाही, त्यामुळे उत्तर आलं शून्य. सिलेक्टरावांनी घरात जाहीर केलं, आता कुणीही बोलवायचं राहिलेलं नाही.

सिलेक्टरावांच्या आत्यांनी कपाळाला हात लावला आणि पाठकोरा कागद मागवला. मार्केटिंग क्लाउडमध्ये कुणी काय उघडलं, कशावर क्लिक केलं, याच्या नोंदी सहा महिने मागे जाऊन तपासता येतात. आत्यांच्या नोंदी थेट त्यांच्या स्वतःच्या लग्नापर्यंत पोचतात. घरातल्या मुंजीला कोण नुसतं जेवून गेलं, बारशाला कुणी वापरलेली कुंची दिली, आजारपणात कोण डबा घेऊन आलं, सगळं हजर. क्लाउडमध्ये तीस मिनिटांत संपली नाही तर क्वेरी बंद पाडली जाते. आत्यांना थांबवायची सोय नाही. त्या सांगत गेल्या, सिलेक्टराव लिहीत गेले, आणि दोनदा आलेलं घर एकही नव्हतं.

‘चिपळूणचे?’ सिलेक्टरावांनी विचारलं.

‘अरे बाळ्या, त्यांना पत्रिका पाठवायची. पण अशी पाठव की लग्न झाल्यावर मिळेल. वर फोन करून पोस्टाला शिव्या आपणच द्यायच्या.’

ही अट क्वेरीच्या ‘व्हेअर’मध्ये कशी बसवावी, हे सिलेक्टराव सध्या प्रत्येकाला विचारत फिरतायत.