श्रीमती क्लचप्लेट यांस अनावृत पत्र

श्रीमती क्लचप्लेटबाई यांस,
मुक्काम हिवरा आश्रम, तालुका मेहकर.

सा. न. वि. वि.

चिखलीहून मेहकरमार्गे लोणारास निघालेले आमचे भाडोत्री फिरते घर ऐन माध्यान्ही या गावच्या वेशीशी आले असता इंजिनाने आकांत मांडावा, चाकांनी मात्र तसूभरही हलू नये, आणि जळक्या वासाने आपल्या देहविसर्जनाची वर्दी सर्व पंचक्रोशीस द्यावी, या आपल्या समयज्ञतेबद्दल आभार मानावे तितके थोडेच आहेत.

इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे बिनतक्रार पोहोचवावी, एवढेच आपले दप्तरी काम. परंतु चालकाचा डावा पाय अष्टौप्रहर आपल्या उरावर असल्यामुळे आपण झिजत गेलात, हा मिस्त्रींचा निर्वाळा आम्ही आपल्या बाजूचा पुरावा म्हणून दाखल करून घेतला आहे. गिअरबॉक्स खाली उतरवल्याखेरीज आपले अंत्यदर्शनही घडत नाही, हे त्यांनी सांगितले; आपल्या मापाची उत्तराधिकारी मेहकरात नाही, हेही त्यांनीच सांगितले, आणि ती मोठ्या शहरातून येईपर्यंत आमची कूच तहकूब झाली. मेहकरजवळून जाणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी असा खुला झाला असून त्यावर मोटारी ताशी 120 किलोमीटरपर्यंत धावतात, ही माहिती आम्हांला या मुदतीत जो भेटेल तो, सांत्वनार्थच असावे, ऐकवीत होता.

आता आपल्या उपकारांकडे वळतो. राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि असल्या गाड्यांसाठी पाणी, वीज आदी सोयींनी युक्त अशी उद्याने असावीत असे त्यात योजिले. हिवऱ्यास या धोरणाची खबर असल्याचे दिसले नाही. तरीही गॅरेजशेजारच्या हॉटेलवाल्याने आपल्या दुकानातून वायर ओढून दिली, नळ दाखविला, आणि भाड्याचा विषय काढताच, आपण काही अभद्र बोललो की काय असे आम्हांस वाटावे, अशा मुद्रेने चहा पुढे केला. याचे नवल आम्हां शहरवासीयांनाच. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाचे हे गाव. विवेकानंद जन्मोत्सवात येथे मोकळ्या रानात लाखाच्या घरात माणसे पंगतीला बसतात, आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरांतून वाढावयास निघते. अशा पंगतीची सवय असलेल्या गावाला एका नादुरुस्त गाडीतले बिऱ्हाड ते काय जड! स्वयंपाकघर, शय्या आणि शौचकूप बरोबर घेऊन, कोणाच्याही उंबऱ्याचे मिंधे न होता देशाटन करण्याचा जो आमचा संकल्प होता, तो आपण असा एका वायरीवर आणि एका नळावर आणून ठेवलात.

लोणारचे म्हणाल, तर त्या विवराचे वय पन्नास हजार वर्षे की पावणेसहा लाख, याविषयी शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत. तेव्हा आमच्या विलंबाबद्दल त्या बाजूने खुलासा मागितला जाण्याचा संभव नाही.

आपल्या निरोपसमारंभाचे बिल आम्ही चुकते केले आहे. मालकाकडून ते वसूल करण्याची दरखास्त स्वतंत्रपणे रवाना होईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक अडकलेला प्रवासी

ता. क. : आपल्या जागी येणाऱ्या नव्या बाईंना चालकाच्या डाव्या पायाविषयी आगाऊ समज देण्याची तजवीज व्हावी, आम्ही त्यास दिली, पण तो आमच्या हुकमतीखाली नाही.