पासपोर्ट एका दिवसात, मत मात्र विमानाने

तिबिलिसीतल्या काही कॅफेंत मेनूकार्डावर किंवा बिलाखाली एक ओळ छापलेली असते: आमचा २० टक्के देश रशियाच्या ताब्यात आहे. कॉफीच्या दराशेजारी हे लिहावं लागणं, ही जॉर्जियाची आजची अवस्था आहे. माणसं साधारण ३९ लाख. ऑगस्ट २००८ मधल्या पाच दिवसांच्या युद्धानंतर अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया पुरते हातचे गेले ते गेलेच. मग २०२२ मध्ये पुतिन यांनी युक्रेनवर हल्ला केला, सप्टेंबरात सैन्यभरती पुकारली, आणि त्याच रशियाचे नागरिक जीव वाचवायला लार्सच्या सीमेवर मैलोन्‌मैल रांगा लावून जॉर्जियात शिरले. त्यांना व्हिसा लागत नाही, वर्षभर राहता येतं. शहरातली घरभाडी भडकली आणि काउंटरवर रशियन ऐकू येऊ लागलं.

काउंटरमागची मुलगी वीस-बावीस वर्षांची असते. तिच्या आजीला रशियन यायचं, हिला इंग्रजी येतं. समोरचा मात्र ‘तुला येतं का?’ एवढंही न विचारता थेट रशियनमध्ये ऑर्डर देतो, आणि आपलं कळलंच पाहिजे अशा नजरेनं पाहतो. तिच्या कपाळावरच्या आठीला उद्धटपणा म्हणणारे प्रवासी बरेच भेटतात. मी त्यांच्या बाजूनं नाही. याच शहरात १४ एप्रिल १९७८ रोजी, सोव्हिएत सत्तेच्या ऐन भरात, हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, कारण राज्यघटनेतून जॉर्जियन भाषेचा राजभाषेचा दर्जा काढायचा घाट घातला गेला होता. मॉस्कोला माघार घ्यावी लागली. तो दिवस तिथे आजही मातृभाषेचा दिवस म्हणून पाळतात. अशा गावात परक्याच्या भाषेत हुकूम ऐकायला कोणाला आवडेल? पाहुणा देवानं धाडलेला असतो असं जॉर्जियन माणूस मानतो. पण पाहुण्यानं घरात शिरताना मालकी हक्क सांगू नये, एवढी अपेक्षा तरी त्याला करू द्या.

देदाएना नावाच्या बारनं तर २०२२ मध्ये रशियन गिऱ्हाइकांकडून आत येण्याआधी ऑनलाइन अर्जच भरून घेतला. त्याला त्यांनी नावही ‘व्हिसा’ दिलं. पुतिन हुकूमशहा आहे हे मान्य करा, आमची भूमी तुमच्या देशानं बळकावली आहे हे मान्य करा, मग बसा. मला हा अर्ज पटत नाही. पुतिनविरोधात बोलून परागंदा झालेल्या माणसाला दारात पुन्हा शपथ घ्यायला लावणं कठोर आहे. तरीही ही कठोरता उगवली कुठून, हे मला कळतं. सरकार बोलत नाही तेव्हा बारच्या दारावरच्या पोराला परराष्ट्र धोरण चालवावं लागतं.

आणि सरकार बोललं तेव्हा काय बोललं? २८ नोव्हेंबर २०२४ रोजी पंतप्रधान इराकली कोबाखिद्झे यांनी जाहीर केलं की युरोपीय संघातल्या प्रवेशाची बोलणी २०२८ अखेरपर्यंत विषयपत्रिकेवर येणार नाहीत. देशाच्या राज्यघटनेतलं ७८ वं कलम नेमकं याच्या उलट सांगतं: युरोपीय संघात आणि नाटोत जाण्यासाठी सरकारी यंत्रणांनी सर्व उपाय योजावेत. त्याच रात्री तिबिलिसीत संसदेसमोरचा रुस्तावेली रस्ता भरला. पुढे रात्रीमागून रात्री तो भरत राहिला. दिवसभर ट्रे वाहणारी माणसं शिफ्ट संपवून तिथे येत होती. १५ जानेवारी २०२५ ला कित्येक दुकानं, कॅफे, कार्यालयं तीन तास बंद राहिली. सरकारनं मुखवटे आणि फटाके यांवर बंदी आणली, रस्ता अडवण्याचा दंड ५०० लारीवरून ५,००० लारी केला. ही रक्कम तिथल्या तेव्हाच्या सरासरी मासिक पगाराच्या दुपटीहून जास्त होती.

हे सगळं करणारं राज्य नागरिकांना चांगली सेवा द्यायला शिकलं होतं, याचं मला फार वाईट वाटतं. २००३ च्या गुलाब क्रांतीनंतर नव्या सरकारनं लाचखोर वाहतूक पोलिसांचं अख्खं दल घरी पाठवलं आणि नवी भरती केली. पोलीस ठाण्यांना काचेच्या भिंती आल्या. म्त्क्वारी नदीकाठी २०१२ मध्ये मोठाल्या छत्र्यांसारख्या छपराखाली सार्वजनिक सेवा भवन उभं राहिलं. जन्मदाखला, जमिनीची नोंद, कंपनीची नोंद, सगळं एकाच ठिकाणी. घाई असेल तर जास्तीचं शुल्क भरून पासपोर्ट त्याच दिवशी मिळतो. तलाठ्याच्या दारात सातबाऱ्यासाठी चपला झिजवलेल्या आपल्या लोकांनी ते एकदा पाहावंच.

पण त्या पासपोर्टावर देशाबाहेर गेलेल्या बाईला या राज्यानं काय दिलं? इटलीत आणि ग्रीसमध्ये हजारो जॉर्जियन बायका परक्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना अंघोळ घालतात, औषधं देतात, रात्री जागतात. बाहेरून येणारा पैसा २०२४ मध्ये ३ अब्ज डॉलरहून जास्त होता. गावाकडची घरं आणि नातवंडांच्या फिया यावर चालतात. त्या वर्षीच्या २६ ऑक्टोबरच्या निवडणुकीत परदेशस्थ जॉर्जियन आणखी मतदान केंद्रं मागत राहिले. ती मिळाली नाहीत. लोक दुसऱ्या शहरांत प्रवास करून गेले, रांगेत तासन्‌तास उभे राहिले, आणि बहुमतानं त्यांनी सत्ताधारी ‘जॉर्जियन ड्रीम’च्या विरोधात मत दिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये संसदेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की परदेशात मतदानच होणार नाही. मत द्यायचं तर मायदेशी या. ही सरळ सरळ शिक्षा आहे, तिला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

याच राष्ट्रानं आपल्या गोव्यातून एका बाईला सन्मानानं घरी नेलं आहे. राणी केतेवान इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत शिराझला होती. धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये तिचे हाल करून तिला मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये आणले. पुरातत्त्व खात्याला तिथे हाडं सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं डीएनए तपासला, आणि जुलै २०२१ मध्ये एस. जयशंकर यांनी त्यांतला काही भाग तिबिलिसीत सुपूर्द केला. चारशे वर्षांपूर्वी परमुलखात मेलेल्या राणीला आपली म्हणणारा देश, परमुलखात जिवंत राबणाऱ्या बाईला तिकीट काढून ये म्हणतो.

आपल्यालाही इथे ताठ मानेनं उभं राहता येत नाही. २०१० मध्ये कायदा बदलून अनिवासी भारतीयांना मतदार केलं, पण दुबईतल्या सातारकरानं मत द्यायला साताऱ्यातच यायचं. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत न येता विरून गेलं. आपण कधी दिलंच नाही, जॉर्जियानं दिलेलं काढून घेतलं, एवढाच फरक.

इटलीत, नेपल्समध्ये राबणाऱ्या जॉर्जियन बाईला मतासाठी आता निदान तीन दिवसांची सुटी, विमानभाडं आणि आपल्या जागी बसणारं माणूस लागेल. तिच्या हातची औषधं घेणारी म्हातारी निवडणुकीच्या दिवशीही अंथरुणातच असणार आहे.