काटा पडेपर्यंत : कु. मिस्टी यांना अनावृत पत्र

प्रति,
कु. मिस्टीताई,
जिम लीडर, सेरुलियन सिटी.
(सध्या मुक्काम : ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये, दोन-दोन प्रतींत)

विषय : आपली योग्यता तपासल्याबाबत.

स.न.वि.वि.

ताई, पत्रास कारण की, तुमच्या नावावरून भूम शहरात दोन तट पडले आहेत. खरं तर ते आमच्या एका घरातच पडलेत, पण घर शहरातच असल्यानं विधान खोटं ठरत नाही. पुतण्या म्हणतो, पोकेमॉन टीसीजी पॉकेटमध्ये तुमच्याइतका जबरदस्त पत्ता नाही. पुतणी म्हणते, "काका, ही बाई निम्म्या वेळेला नुसता चहा पिऊन जाते." दोघांकडं पुरावे आहेत आणि दोघांचेही पुरावे कालच्या एकाच डावातले आहेत. एरवी माणसाची लायकी आम्हीही एवढ्यावरच ठरवतो. पण तुम्ही परगावच्या, तेव्हा हिशेब करून बघावा म्हटलं.

अनावृत पत्र चार लोक वाचतात, म्हणून आधी तुमचा परिचय. हा खेळ 30 ऑक्टोबर 2024 रोजी जगभर आला. गड्डी वीस पत्त्यांची, त्यात एका नावाचे पत्ते दोनच. पोकेमॉनला हल्ला करायला ऊर्जा लागते आणि ती पाळीला एकच मिळते. जो पहिला खेळतो त्याला पहिल्या पाळीत तीही नाही. तीन गुण झाले की डाव संपला. ईएक्स जातीचा पोकेमॉन पाडला तर एकदम दोन गुण. या काटकसरीच्या संसारात तुम्ही सपोर्टर म्हणून येता. खेळाडूनं आपला एक पाणीवाला पोकेमॉन निवडायचा आणि काटा पडेपर्यंत नाणं उडवत राहायचं. जितके छापे, तितकी पाण्याची ऊर्जा त्या पोकेमॉनला फुकट. पहिल्याच फेकीला काटा पडला तर नमस्कार. सपोर्टर पाळीत एकच खेळता येतो, म्हणजे तुमच्यापायी दुसरा कुणी बोलावायची सोयही गेली.

कार्टूनमध्ये तुम्हाला पाहिलेल्या पिढीला याचं नवल वाटतं. पिकाचूनं जाळलेल्या एका सायकलच्या भरपाईसाठी तुम्ही त्याच्या मालकाच्या, अ‍ॅशच्या, मागं गावोगाव फिरलात. स्वतःच्या येण्याबाबत इतकी चिकाटी, आणि दुसऱ्याला द्यायची वेळ आली की नाणेफेक! असो.

आता मूल्यमापन. भूम हे खव्याचं गाव. इथं भट्टीवाला दुधाच्या रंगावर जात नाही, म्हशीच्या शिंगांवर तर नाहीच नाही. कढई उतरवल्यावर किती खवा पडला, हा त्याचा एकच प्रश्न. किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध आटवून बसलेला माणूस कुणाच्या कौतुकानं फसत नसतो. त्याच नजरेनं तुमचा उतारा काढला. शंभर वेळा बोलावलं तर साधारण पन्नास वेळा तुम्ही रिकाम्या हातानं येणार. पंचवीसेक वेळा एक ऊर्जा आणणार, बारा-तेरा वेळा दोन आणि उरलेल्या बारा-तेरा वेळा तीन किंवा जास्त. सगळं एकत्र करून भागलं की सरासरी बरोबर एक. ताई, एक! ज्या पत्त्यानं आमच्या घरात अबोला आणला, त्याचा उतारा एक ऊर्जा. आमच्या पुतणीचं म्हणणं इथपर्यंत तंतोतंत खरं.

पण भट्टीवाल्याच्या हिशेबात एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे वेळ. खवा सकाळी पडला काय नि दुपारी पडला काय, वजन तेवढंच. तुमच्या धंद्यात तसं नाही. आर्टिकुनो ईएक्स घ्या. त्याच्या ब्लिझर्डला तीन ऊर्जा लागतात; समोरच्याला 80चा फटका बसतो, वर त्याच्या बाकावर राखीव बसलेल्या प्रत्येकाला दहा-दहा. पहिली पाळी असलेल्यानं सरळमार्गानं ऊर्जा साठवली तर हा हल्ला चौथ्या पाळीत होतो. तुमचा एक छापा म्हणजे एक पाळी वाचली. आणि तीन छापे लागोपाठ पडले तर पहिल्या पाळीतच ब्लिझर्ड! समोर 60 एचपीचा (म्हणजे 60 जिवाचा) बिचारा राल्ट्स एकटाच उभा असेल आणि बाक रिकामा असेल, तर तो पडतो आणि खेळायला कुणी न उरल्यानं डाव तिथंच संपतो. समोरच्याला स्वतःचा पहिला पत्ता उचलायलाही मिळत नाही. हरला म्हणावं, तर तो खेळलाच कुठं?

यावर काही बहाद्दरांनी गड्डीच अशी बांधली की पोकेमॉन म्हणून फक्त दोन आर्टिकुनो आणि बाकी अठरा पत्ते ट्रेनर, म्हणजे तुमच्यासारखे मदतीचे. सुरुवातीच्या हातात एक तरी बेसिक पोकेमॉन येतोच, हा खेळाचा नियम. म्हणजे आर्टिकुनो कायम हजर. तुम्ही हातात असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास, तीन छाप्यांची आठात एक. म्हणजे पंधरा-वीस डावांत एखाद्या वेळी हा चमत्कार घडणार. पुतण्याला नेमका तोच डाव आठवतो. जो समोर होता त्यालाही तोच आठवतो, फक्त शिव्यांसकट.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा की तुमची ताकद एकूण ऊर्जेत नाही, पंचांगात आहे. परवाची ऊर्जा तुम्ही आज देता. म्हणूनच डाव जसा पुढं सरकतो तसतशी तुमची किंमत उतरते. स्टारमी ईएक्स दोन ऊर्जांवर 90 मारतो, मारताना ऊर्जा टाकून देत नाही आणि मागं हटायला त्याला काही खर्चही पडत नाही. त्याची दोन ऊर्जांची सोय झाली की तुमच्या दहा छाप्यांचं तो लोणचं घालणार का? शेवटच्या दोन-तीन पाळ्यांत तुम्ही हातात आलात की पुतणी मोबाईल उपडा ठेवते.

त्या मानानं गार्डेवॉरबाई पाहा. राल्ट्स, मग कर्लिया, मग त्या. तीन पत्ते जुळवायचे, पाळ्या घालवायच्या, मधेच कुणी राल्ट्सला मारलं की पुन्हा श्रीगणेशा. पण एकदा आल्या की दर पाळीला पुढं उभ्या सायकिक पोकेमॉनला एक ऊर्जा, न चुकता. म्यूटू ईएक्सच्या 150च्या प्रत्येक फटक्याला दोन ऊर्जा जळतात, म्हणून शेवटपर्यंत त्यांना काम असतं. सरासरी त्यांचीही एकच, तुमचीही एकच. पण त्यांच्या नावानं कुणी ओरडल्याचं आमच्या गल्लीत ऐकलेलं नाही. नियमित काम करणाऱ्याचं नाव होत नाही, हे आम्हाला नवीन नाही.

नाणं उडवायच्या वेळी घरात काय चालतं, ते तुम्ही आतून पाहत असालच. पडद्यावरचं नाणं बोटानं झटकायचं असतं. पुतण्या आधी अंगठा शर्टाला पुसतो. मग मोबाईल देवघराच्या दिशेला धरून अगदी हळू झटकतो; जोरात झटकलं की काटा, असं त्याचं संशोधन आहे. पुतणी मुद्दाम शेजारी येऊन "काटा, काटा" पुटपुटते. पुढं जे पडेल त्यावर या दोघांच्या श्रद्धा आणखी पक्क्या होतात.

हे जुगारात मोडतं का, अशीही विचारणा वडीलधाऱ्यांकडून झाली. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी घालणारा कायदा केंद्रानं ऑगस्ट 2025मध्ये केला. तुमच्या खेळात जिंकून रोकड मिळत नाही. दर बारा तासांनी पाच पत्त्यांचं पाकीट फुकट मिळतं आणि धीर नसेल तर खर्च आहे. कायद्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमीचे पत्ते दिसल्याचा व्हिडिओ गाजला होता. मी खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. पुढं त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. राज्याची पत्त्यांबाबत एवढी स्पष्ट भूमिका असताना आम्ही मुलांना काय सांगावं?

जुलै 2025च्या अखेरीस तुमच्या खेळात विल नावाचे गृहस्थ आले. त्यांना बोलावलं की त्या पाळीतली पुढची पहिली फेक छापाच. घरात आनंदीआनंद झाला. पण तेही सपोर्टर, तुम्हीही सपोर्टर, पाळीत एकालाच प्रवेश. नाणं उडवून हल्ला करणाऱ्यांना त्यांचा आधार, तो तुम्हाला मात्र नाही! हा योगायोग नसावा. ज्यानं नियम लिहिला त्यानं तुमच्याविरुद्ध एखादा डाव खेळलेला दिसतो.

तरी विनंती की, काटा पडल्यास निदान हातातला एक पत्ता बदलून मिळावा. ते जमत नसेल तर पहिल्या पाळीला तुम्ही येऊ नये. दुसरीपासून खुशाल या. तोवर पुतण्याच्या गड्डीत तुमच्या दोन्ही प्रती राहतील आणि पुतणीच्या गड्डीत एकही नाही, अशी तडजोड झाली आहे.

कळावे, लोभ असावा.
आपला,
दोघांचा काका, भूम.

प्रत माहितीस्तव :
विल यांना, योग्य त्या कार्यवाहीसाठी.
गार्डेवॉरबाईंना, आभारासह.
राल्ट्स यास पाठवली होती. पत्ता उचलण्यापूर्वीच गेल्यामुळं परत आली.