वाफ झाली, फोडणीचं काय?

आमच्या उचगावात मायक्रोवेव्हच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल असतो, रुमालावर गणपती असतो, आणि आत बहुधा काही नसतं. त्याला कारण आहे. त्या यंत्राला धातू चालत नाही आणि आमच्या स्वयंपाकघरात धातूशिवाय काही नाही. वास्तुशांतीला आलेली पातेली, बारशाच्या वाट्या, कुणाकुणाच्या स्मरणार्थ वाटलेले डबे, सगळं स्टील. वर प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख. चिनी मातीची म्हणून लोणच्याची बरणी तेवढी आहे. ती आत मावत नाही.

अशा घरात धाकटी बहीण डॅलसहून आली आणि तिच्या बॅगेतून बदाम, शाम्पू आणि पारदर्शक पिशव्यांचा एक खोका निघाला. भाजी चिरायची, पिशवीत भरायची, दोन चमचे पाणी घालून तोंड बंद करायचं, यंत्रात ठेवायची, खायची आणि पिशवी टाकून द्यायची. घासायला भांडं नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून बायकोनं बहिणीकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं लग्नापासून तिनं माझ्याकडं एकदाही बघितलेलं नाही.

परक्या मालाचं आम्हाला वावडं नाही. शेजारी वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 पोलंडचे सुमारे 5 हजार निर्वासित राहून गेले. पुढं त्याच जागी फाळणीत घर सुटलेले सिंधी बांधव आले आणि गांधीनगरची पेठ उभी राहिली. तेव्हा टेक्सासची पिशवी उचगावात आली म्हणून कुणी दचकलं नाही. फक्त आईनं ती उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "ह्यात फोडणी कुठनं घालायची?"

मायक्रोवेव्हची सुरुवातच मुळात खिशातून झाली. अमेरिकेत 1945 साली रडारच्या लहरी सोडणाऱ्या मॅग्नेट्रॉनपाशी काम करताना पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट विरघळलं. मग त्यांनी मक्याच्या लाह्या फोडून बघितल्या, आणि 1947 मध्ये रेथिऑन कंपनीनं पहिली भट्टी काढली. माणसाएवढी उंच, वजन सुमारे 340 किलो. तेव्हा ती कुणी उचगावात आणली असती, तर दारातून आत घ्यायला तालमीतली पोरं बोलवावी लागली असती. आतलं काम मात्र तेच राहिलं. त्या लहरी भाजीतल्या पाण्याला हलवून सोडतात, पाणी तापतं, त्याची वाफ होते. पिशवी ती वाफ अडवून धरते आणि जास्त झालेली बारीक भोकातून सोडून देते.

पहिल्या पिशवीत फ्लॉवर, गाजर आणि घेवडा गेला. आत पिवळा दिवा लागला, काचेची थाळी फिरायला लागली आणि सगळं घर ओट्यापाशी गोळा झालं. थोड्या वेळानं पिशवीच्या आतून धुकं धरलं, घेवडा दिसेनासा झाला आणि पिशवी तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली. आई दोन पावलं मागं सरकली.

"शिट्ट्या किती करायच्या?"

"आई, ह्याला शिट्टी नसते."

"मग शिजलं ते कसं कळायचं?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्याकडं डाळ तीन शिट्ट्यांची, छोले सहा शिट्ट्यांचे. मिनिटाचा हिशेब फक्त एसटीला. तेवढ्यात टिंग वाजलं. बहिणीनं पिशवीचं तोंड स्वतःकडून लांब धरून उघडलं, कारण ती वाफ हात भाजून काढते, आणि भाजी ताटलीत ओतली. फ्लॉवर पांढरा, गाजर लाल, घेवडा बाजारातून आणला त्याहून हिरवागार. बहीण म्हणाली, पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की क जीवनसत्त्वही त्याच्याबरोबर जातं. असं वाफवलं की बरंचसं भाजीतच राहतं. खरं आहे ते. आईनं एक फोड तोंडात घातली, हळूहळू चावली आणि काळजीनं विचारलं, "आजारी कोण हाय?"

वाफेशी आईचं वैर नाही. वाफ तिच्या हाताखाली वाढलीय. गणपतीत मोदक, नागपंचमीला पुरणाची दिंडं, पावसाळ्यात अळूवडीचे उंडे, सगळं वाफेवरच. रोजची सुकी भाजीसुद्धा ती कढईवर ताट आणि ताटात पाणी ठेवून शिजवते. ताट गार राहतं, आतली वाफ त्याला लागून पाणी होते आणि परत भाजीत पडते, करपत नाही. तत्त्व तेच, पिशवी नाही एवढंच. तिचं म्हणणं साधं आहे. वाफेनं भाजी मऊ होते, भाजी होत नाही. त्यासाठी मोहरी तडतडावी लागते.

म्हणून तिनं कढई चढवली. तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, डंकावर कुटून आणलेली कांदा-लसणाची चटणी. तीन-चार मिनिटांत शिजलेली भाजी पुढं पंधरा मिनिटं परतली. चवीला झकास झाली. घासायला कढई, झारा आणि ताटली पडली; बायकोची ती नजरही ओसरली.

खरा तंटा पिशवीवरून झाला. बहिणीनं ती कचऱ्यात टाकली, आईनं काढली. राज्यात प्लास्टिकबंदी 2018 साली आली, आईच्या मोरीत ती त्याआधीपासून आहे. दुधाची पिशवीसुद्धा ती कात्रीनं सरळ कापून, धुऊन, वाळवून भंगारवाल्याला विकते. संध्याकाळी दोरीवर गोकुळच्या पिशव्यांशेजारी डॅलसची पिशवी चिमट्याला लोंबत होती. ती परत यंत्रात घालू नका, एकदा तापलेल्या शिवणीचा भरवसा नसतो, हे बहिणीनं परोपरीनं सांगितलं. आईनं ते ऐकलं आणि तिच्यात कढीपत्ता भरून फ्रिजमध्ये ठेवला. बाजारच्या साध्या पिशवीत भाजी शिजवायला मात्र कुणी जाऊ नका. ज्या पिशवीवर मायक्रोवेव्हसाठी म्हणून छापलेलं असतं, तीच तेवढी ताप सोसते.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्या समस्त लेकी-जावयांना आणि भाच्या-पुतण्यांना विनंती आहे. पिशव्यांऐवजी झाकणाचं, मायक्रोवेव्हसाठीचं एक जाड काचेचं भांडं आणा. ते यंत्रात चालतं, घासता येतं आणि त्यावर नावही घालता येतं. वजनाची काळजी करू नका. जाताना त्या जागेत दोन किलो चटणी बसते.